७२ मेगाहर्ट्झवरून २.४ गिगाहर्ट्झवर जाताना: जुनी विमानं, नवा रेडिओ

ओझरकर

नमस्कार मंडळी,

माझ्याकडे रेडिओने उडवायची, बाल्साच्या हलक्या लाकडाची चार मॉडेल विमानं आहेत. ४० साइजच्या इंजिनचं हाय विंग ट्रेनर, त्याच मापाचं लो विंग, दोन मीटर पंखाचं ग्लायडर आणि एक छोटं इलेक्ट्रिक. सगळी फुटाबा कंपनीच्या ७२ मेगाहर्ट्झ रेडिओवर. रेडिओ, म्हणजे हातातले ट्रान्समीटर, दोन: एक साधा पीपीएम, दुसरा मागे मॉड्यूल (लहर पाठवणारा सुटा भाग) बसणारा, पीसीएमचा. पीपीएम आणि पीसीएम या आज्ञा पाठवायच्या दोन जुन्या पद्धती. दोन्ही व्यवस्थित चालतात, स्टिक अजून नव्यासारख्या आहेत. तरी आता बदलायचं ठरवलंय. चॅनेल ठरवणारे क्रिस्टल मिळत नाहीत, बॅटरी पॅक बसलेत, आणि मुख्य म्हणजे मैदानावर फळीच उरली नाही.

नव्या मुलांना फळी माहीत नसेल म्हणून सांगतो. मैदानावर पोचलं की आधी फळीकडे जायचं. तिच्यावर चॅनेलचे आकडे आणि प्रत्येक आकड्याला एक लाकडी चिमटा, कपडे वाळत घालायचा असतो तोच. आपल्या चॅनेलचा चिमटा काढून अँटेनाला लावायचा आणि मगच रेडिओ चालू करायचा. चिमटा जागेवर नसेल तर ज्याच्याकडे असेल तो उतरेपर्यंत थांबायचं. एकाच चॅनेलवर दोन रेडिओ चालू झाले की हवेतलं विमान गेलंच म्हणायचं. आता सगळे २.४ वर, त्यामुळे फळीची गरज कुणालाच नाही. पण माझ्यासारखाच कुणी जुना माणूस ७२ चा सेट घेऊन गाडीपाशी उभा राहिला आणि बटण दाबलं, तर मला कळणार कसं?

तर विचारायचंय असं. मॉड्यूलवाला रेडिओ ठेवून नुसतं मॉड्यूल बदलावं की नवा सेट घ्यावा? कोणती पद्धत निवडावी? आणि विमानात आज्ञा घेणारा रिसीव्हर सोडून आणखी काय बदलावं लागेल? घाई नाही, पावसाळा संपेपर्यंत वेळ आहे.

---

टेलविंड_पुणे

काका, नवा सेट घ्या. फ्लायस्कायचा एफएस-आय६ आपल्याकडे शिकणाऱ्या निम्म्या पोरांच्या हातात दिसेल. स्वस्त आहे, सोबत रिसीव्हर येतो आणि चार विमानांना पुरून उरेल. थोडे जास्त पैसे घालायची तयारी असेल तर रेडिओमास्टर बॉक्सर बघा. त्यावर एजटीएक्स हे सॉफ्टवेअर चालतं, म्हणजे मिक्सिंग (एका स्टिकने दोन भाग एकत्र हलवणं) हवं तसं करता येतं आणि मॉडेलांची मेमरी भरपूर. तुमच्या ग्लायडरला त्याचा उपयोग होईल.

---

माळावरचा

माझं मत वेगळं आहे. चालणारा ७२ चा सेट टाकून का द्यायचा? मी सह्याद्रीच्या कड्यावर स्लोप ग्लायडिंग करतो. तिथे ग्लायडर कधी कधी काठाच्या खाली उतरतं, क्षणभर नजरेआड होतं. ७२ ची लहर चार मीटरहून लांब. ती काठावरून थोडी वळते आणि विमान हातात राहतं. २.४ वाल्यांना तिथे सिग्नल गेल्याचं मी पाहिलंय. खडक, ओली झाडं, अगदी मधे उभं असलेलं माणूससुद्धा त्या लहरीला अडवतं. कड्यावर मी एकटाच असतो, त्यामुळे चॅनेल आदळायचा प्रश्न येत नाही. गर्दीच्या मैदानाची गोष्ट वेगळी, ते मान्य.

---

न्यूजर्सीकर

ओझरकर, इकडचा अनुभव. अमेरिकेत ७२ मेगाहर्ट्झवर विमानांसाठी ५० चॅनेल, ११ ते ६०, आणि प्रत्येक चॅनेलमध्ये २० किलोहर्ट्झचं अंतर. गाड्या आणि बोटींना वेगळा ७५ मेगाहर्ट्झ. हे अंतर १९९१ पासूनचं. त्याआधीचे रेडिओ जास्त जागा व्यापायचे, म्हणून तेव्हाही लोकांना चांगले चालणारे सेट बाजूला ठेवावे लागले होते. सगळ्या छंदाने मिळून वारंवारतेची शिस्त बदलायची ही काही पहिली वेळ नाही.

माळावरचा म्हणतात ते त्यांच्या कड्यापुरतं खरं आहे. पण ७२ ची एक खोड बरेच जण विसरलेत. साधा, सिंगल कन्व्हर्जन रिसीव्हर आलेली लहर ज्या आतल्या वारंवारतेवर उतरवतो ती ४५५ किलोहर्ट्झ असते. २३ चॅनेल अंतरावरचे दोन रेडिओ एकाच वेळी चालू असले की त्यांच्यातला फरक भरतो ४६० किलोहर्ट्झ, म्हणजे जवळजवळ तोच आकडा. मग तिसऱ्याच चॅनेलवर असलेल्या बिचाऱ्याच्या विमानाला झटके बसायचे. त्याचा चिमटा त्याच्याच अँटेनाला, नियम सगळे पाळलेले, तरीही.

लंडनला माझा भाऊ हाच छंद करतो. तिकडे ३५ मेगाहर्ट्झ फक्त विमानांसाठी राखीव आहे, चॅनेलमधलं अंतर १० किलोहर्ट्झ. तेही आता बहुतेक सगळे २.४ वर गेलेत.

---

प्रज्ञा_के

ओझरकर काका, रेडिओ कोणता घ्यायचा ते नंतर ठरवा. आधी विमानात काय बदलतं ते बघा, कारण पद्धत बदलल्यावर विमानं पडतात ती विमानातल्या कारणांनी. मी इलेक्ट्रॉनिक्समध्ये काम करते आणि आमच्या मैदानावर जुनी विमानं नव्या रेडिओवर आणायचं काम बऱ्याचदा माझ्याकडे येतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

७२ च्या रिसीव्हरला वारंवारता कळायची, पाठवणारा कोण ते कळत नव्हतं. २.४ मध्ये २४०० ते २४८३.५ मेगाहर्ट्झ हा पट्टा सगळ्यांनी मिळून वापरायचा असतो. ट्रान्समीटर त्यात जागा बदलत राहतो आणि प्रत्येक पॅकेटबरोबर आपली ओळख पाठवतो. बाइंड करताना, म्हणजे दोघांची जोडी लावताना, रिसीव्हर ती ओळख साठवून ठेवतो, दुसऱ्या कुणाचं ऐकत नाही. फळी गेली ती यामुळे. मात्र सगळ्या पद्धती सारख्याच फिरत नाहीत. स्पेक्ट्रम कंपनीची डीएसएम२ ही पद्धत चालू होताना दोन मोकळ्या जागा शोधायची आणि उतरेपर्यंत त्या दोनवरच बसायची. नंतरची डीएसएमएक्स २३ जागांवर फिरते. फुटाबाची फास्ट पहिल्यापासून फिरणारी. तेव्हा सेकंडहँड डीएसएम२ रिसीव्हर मातीमोल भावात मिळाला तरी मेळाव्याच्या गर्दीत उडवण्यासाठी घेऊ नये.

आता वीज. जुन्या पीपीएम रिसीव्हरमध्ये प्रोसेसर नव्हता. व्होल्टेज क्षणभर खाली गेलं तर सर्व्हो (विमानाचे भाग हलवणाऱ्या छोट्या मोटरी) मंद व्हायचे, वर आलं की पूर्ववत. २.४ च्या रिसीव्हरमध्ये प्रोसेसर असतो. व्होल्टेज त्याच्या किमान मर्यादेखाली गेलं, बऱ्याच रिसीव्हरमध्ये ती ३.५ व्होल्टच्या आसपास असते, की तो बंद पडून पहिल्यापासून सुरू होतो आणि पुन्हा ट्रान्समीटर शोधतो. सुरुवातीच्या रिसीव्हरना त्यात काही सेकंद लागायचे. वेगात खाली येणाऱ्या विमानाला तेवढे पुरतात. जमिनीवर येऊन बघावं तर सगळं चालू, सर्व्हो हलतायत, आणि लोक म्हणतात २.४ ने दगा दिला. खरं कारण पॅकमध्ये असतं.

तुमचा चार सेलचा निकेल कॅडमियम पॅक सर्व्हो न हलवता मोजलात तर ४.८ व्होल्ट दाखवेल. तो आकडा काहीच सांगत नाही. मीटर लावून ठेवा, दोन्ही स्टिक जोरात गोल फिरवा, सर्व्होचे आर्म हाताने किंचित अडवा आणि तेव्हा आकडा कुठवर उतरतो ते बघा. जुन्या पॅकमध्ये तो चारच्या खाली सहज जातो. इंजिनच्या दोन्ही विमानांत पाच सेलचे नवे निकेल मेटल हायड्राइड पॅक टाका. स्विचही बदला. वर्षानुवर्षं नायट्रोचं तेल खाल्लेल्या स्विचचे संपर्क खराब झालेले असतात आणि व्होल्टेज तिथेही गळतं.

छोट्या इलेक्ट्रिकमध्ये ईएससीतला (मोटरचा वेग ठरवणाऱ्या सर्किटमधला) बीईसी, म्हणजे रिसीव्हरला वीज देणारा भाग, तपासा. लिनियर असेल तर जास्तीचं व्होल्टेज तो उष्णता करून टाकतो. दोन सेलच्या लिपोवर ७.४ मधून ५ वजा जाता २.४ व्होल्ट, एक अँपिअर ओढला तर २.४ वॅट. तेवढं चालतं. तोच चार सेलवर लावला तर १४.८ वजा ५, जवळजवळ १० वॅट एका नखाएवढ्या चिपमध्ये. ती तापून बंद पडणार आणि तिच्याबरोबर रिसीव्हर. तीन सेलच्या वर स्विचिंग बीईसी घ्या.

अँटेनाबद्दल. ७२ ची पाव लहर म्हणजे सुमारे १०४ सेंटीमीटर, म्हणून ती मीटरभर तार शेपटीपर्यंत ओढलेली असायची. २.४ ची पाव लहर ३१ मिलिमीटर. रिसीव्हरमधून निघणारी बारीक काळी केबल अँटेना नव्हे, तिच्या टोकाला सोलून उघडी ठेवलेली ३१ मिलिमीटरची तार ही अँटेना. ती कापायची नाही, दुमडायची नाही, बॅटरीखाली दाबायची नाही. दोन अँटेना असतील तर एकमेकींशी काटकोनात ठेवा, म्हणजे विमान कसंही वळलं तरी एक तरी दिसत राहते. फ्यूजलाजच्या आत सरबताची प्लास्टिक नळी तिरपी चिकटवून तिच्यात ते टोक सरकवलं की जागचं हलत नाही. बाल्साला अडचण नाही. कार्बन मात्र ही लहर अडवतो.

७२ ला इंजिनच्या ठिणगीचा आणि धातूवर धातू घासण्याचा त्रास व्हायचा, सर्व्हो थरथरायचे. तो इथे जवळपास संपतो. पेट्रोल इंजिनवाल्यांना हा फार मोठा फायदा आहे.

---

टेलविंड_पुणे

प्रज्ञाताई, हे धाग्याच्या वरती लावून ठेवायला हवं.

---

चिन्मय_एफपीव्ही

सगळे आय६ वर का थांबलात? एक्सप्रेस एलआरएस (ईएलआरएस) ही लांब पल्ल्याची पद्धत घ्या आणि तेही ९१५ मेगाहर्ट्झचं. लोरा मॉड्युलेशन आहे, म्हणजे कमकुवत सिग्नलही वाचता येतो, रेंजची चिंता कायमची मिटते. माळावरचा दादांच्या कड्याला तर हेच हवं, लांब लहर.

---

प्रज्ञा_के

चिन्मय, ईएलआरएस जरूर, पण ९१५ नको. २.४ चा पट्टा केंद्र सरकारने जानेवारी २००५ च्या अधिसूचनेने परवानामुक्त केला. ९०२ ते ९२८ हा अमेरिकेचा पट्टा, आपल्याकडे तो मोकळा नाही. ८९० ते ९१५ वर आपले मोबाइल टॉवरशी बोलतात, म्हणजे तू त्यांच्या अंगणात ट्रान्समीटर लावणार. भारतात परवानामुक्त आहे तो ८६५ ते ८६८. ईएलआरएसच्या फर्मवेअरमध्ये भारतासाठी ८६६ चा वेगळा पर्याय आहे, पण त्यात फिरायला चारच जागा मिळतात. दोनतीन जण एकत्र उडवणार असतील तर दाटी होते.

आणि मॉडेल विमानाला एवढी रेंज लागते कुठे? २०२१ च्या ड्रोन नियमांत मॉडेलची व्याख्याच अशी आहे की वजन २५ किलोपर्यंत, शिक्षण, संशोधन, चाचणी किंवा मनोरंजनासाठी, आणि नजरेच्या टप्प्यात उडवलेलं. दीड मीटरचं विमान कुठल्या बाजूला कललंय हे डोळ्यांना कळेनासं होतं, त्याच्या पलीकडे २.४ चा ईएलआरएस आरामात पोचतो. उडवायच्या आधी डिजिटल स्काय या सरकारी संकेतस्थळावरचा बंदीच्या जागांचा नकाशाही बघत जा, पुण्यात तर नक्कीच.

---

चिन्मय_एफपीव्ही

८६५ चं माहीत नव्हतं. मग २.४ चाच सुचवतो. काका, पॅकेट रेट (सेकंदाला किती वेळा आज्ञा जाते तो आकडा) कमी ठेवा. ५० हर्ट्झला रिसीव्हर उणे ११५ डीबीएमपर्यंत ऐकतो, ५०० ला उणे १०५ पर्यंतच; आकडा जितका खाली, तितका कमकुवत सिग्नल ऐकू येतो. तुमचे ॲनालॉग सर्व्हो तसेही सेकंदाला ५० वेळाच नवी आज्ञा घेतात, त्यांना जास्त वेग देऊन उपयोग नाही. एक सांभाळा: ट्रान्समीटर आणि रिसीव्हर यांच्या फर्मवेअरची मुख्य आवृत्ती जुळली पाहिजे. एकात २ आणि दुसऱ्यात ३ असेल तर बाइंड होणार नाही आणि दोष कुठे आहे ते समजत नाही.

---

सांगलीचा_मास्तर

आमच्या कॉलेजची पोरं एसएई एअरो डिझाइन स्पर्धेसाठी विमान बनवतात. तिथे २.४ सक्तीचा आहे आणि सिग्नल गेला की थ्रॉटल शून्यावर आलाच पाहिजे, तपासणीत ते करून दाखवावं लागतं. हा नियम प्रत्येकाने घरच्या विमानालाही लावावा असं मला मनापासून वाटतं.

साध्या पीपीएमला फेलसेफ (सिग्नल गेल्यावर काय करायचं ते आधीच ठरवून ठेवणं) नव्हताच, पीसीएमला होता. २.४ च्या बहुतेक सगळ्या रिसीव्हरमध्ये असतो, पण तो आपण नेमून द्यायचा असतो. काही रिसीव्हर सांगितल्याशिवाय शेवटची आज्ञाच धरून ठेवतात. शेवटची आज्ञा फुल थ्रॉटलची असेल तर विमान फुल थ्रॉटलनेच जिथे जायचं तिथे जाणार, आणि मैदानाच्या पलीकडे शेतात बायका खुरपत असतात. इलेक्ट्रिक असेल तर पंखा (प्रोपेलर) काढा, अर्ध्या थ्रॉटलवर मोटर फिरवा आणि ट्रान्समीटर बंद करा. मोटर थांबली तरच पुढचं बोला. इंजिन असेल तर ते बंद ठेवून कार्ब्युरेटरचा ड्रम स्वतः डोळ्यांनी बघा, आयडलवर येतोय का. विमान नव्याने बाइंड केलंत, रिसीव्हर बदललात, की हे सगळं पुन्हा करा.

---

ओझरकर

सगळ्यांचे आभार. प्रज्ञा, तू सांगितलंस तसं मीटर लावून बघितलं. ट्रेनरचा पॅक आर्म अडवल्यावर ३.९ वर आला, लो विंगचा त्याच्याही खाली. दोन्ही रद्द. स्विच उघडला तर आत हिरवा थर.

रेडिओमास्टर बॉक्सर, ईएलआरएसवाला, असं ठरतंय. पण मॉड्यूलवाला फुटाबा सोडवत नाही. त्याच्या मागे ईएलआरएसचं मॉड्यूल लावता येईल का? आणि रिसीव्हर बदलताना सर्व्होचे प्लग जसेच्या तसे चालतील ना?

---

प्रज्ञा_के

ईएलआरएस मॉड्यूलला पीपीएम कळत नाही, त्याला सीआरएसएफ हा सीरियल सिग्नल लागतो आणि तुमचा फुटाबा तो देत नाही. मल्टिप्रोटोकॉल मॉड्यूल मात्र पीपीएम घेतं. त्यात वेगवेगळ्या पद्धतींच्या रेडिओ चिप असतात, म्हणून फ्लायस्काय, फ्रस्काय, डीएसएम असे बरेच रिसीव्हर चालतात. ही मॉड्यूलं बहुतेक जेआर कंपनीच्या खाचेच्या मापाची असतात, फुटाबाची खाच वेगळी. अडॅप्टर लागेल, नाहीतर ट्रेनर सॉकेटमधून पीपीएम बाहेर काढायचा. काहीही केलंत तरी मेनूत मॉड्युलेशन पीसीएमवरून पीपीएमवर आणायला विसरू नका, नाहीतर मॉड्यूलला काहीच समजणार नाही. माझं म्हणणं, इंजिनची दोन्ही विमानं बॉक्सरवर आणा आणि फुटाबाला मॉड्यूल लावून छोटं इलेक्ट्रिक द्या. हाताला सवयीचा रेडिओ आहे, वापरात राहू दे.

प्लग चालतील. फुटाबाच्या प्लगला एका कडेला पट्टी असते, ती ब्लेडने तासली की कुठेही बसतो. तारांचा क्रम तोच: सिग्नल, प्लस, मायनस. एखादा जुना एअरट्रॉनिक्सचा सर्व्हो असेल तर थांबा, त्याचा क्रम वेगळा असतो.

दोन गोष्टींकडे नीट लक्ष द्या. फुटाबाचा थ्रॉटल बाकीच्यांच्या उलटा असतो. बॉक्सरवर त्याच विमानाची स्टिक खाली असताना कार्ब्युरेटर पूर्ण उघडा असू शकतो. इंजिन चालू करायच्या आधी ते बघून चॅनेल उलटा करा आणि फेलसेफ त्यानंतरच नेमा. दुसरं, ईएलआरएसच्या नेहमीच्या मोडमध्ये पाचवा चॅनेल फक्त चालू किंवा बंद एवढंच सांगतो, मधली जागा त्याला माहीत नाही. लो विंगमध्ये दुसरं एलेरॉन (पंखाच्या मागच्या कडेचा हलणारा भाग) पाचवर असेल तर ते सहावर न्या.

---

ओझरकर

दुसरं एलेरॉन पाचवरच होतं. बरं झालं आधी सांगितलंस.

बॉक्सर आला. ट्रेनरमध्ये नवा रिसीव्हर, पाच सेलचा पॅक, नवा स्विच. अँटेना नळ्यांत घालून काटकोनात बसवल्या. थ्रॉटल खरंच उलटा निघाला. मास्तरांनी सांगितल्याप्रमाणे ट्रान्समीटर बंद करून ड्रम बघितला, आयडलवर येतो. मग पॉवर अगदी कमी करून रेंज चेक घेतला, आधी इंजिन बंद ठेवून, मग एकाने शेपूट धरून इंजिन चालू असताना. दोन्ही वेळा तीस पावलांवर सर्व्हो स्थिर.

ग्लायडरचं तेवढं राहिलंय. त्याचं नाक फायबर ग्लासचं आहे, पण मागची नळी कार्बनची आणि पंखात कार्बनचा स्पार (आतला लांब दांडा). रिसीव्हर नाकातच बसतो. अँटेना कुठे काढू?

---

माळावरचा

काका, याचं उत्तर मी देतो, कारण माझ्या एका ग्लायडरला मी २.४ लावलंय. दोन्ही अँटेना नाकातच ठेवा, फायबर ग्लासमधून लहर जाते. मागे नळीत अजिबात नेऊ नका. एक टोक नाकाच्या रेषेत पुढे आणि दुसरं उभं, शक्य असेल तर कॅनोपीच्या बाजूला बारीक भोक पाडून बाहेर. बॅटरी आणि नाकातलं शिसं यांच्यापासून जेवढं लांब जमेल तेवढं. रेंज चेक घेताना ग्लायडर एकाला हातात धरून गोल फिरवायला सांगा: नाक तुमच्याकडे, शेपूट तुमच्याकडे, पोट तुमच्याकडे. शेपूट तुमच्याकडे असताना कार्बनची सावली पडते, तिथेच सिग्नल कमी झालेला दिसेल. ईएलआरएस टेलिमेट्रीवर (विमानाकडून परत येणाऱ्या माहितीत) लिंक क्वालिटी दाखवतं, आकडा वाचत राहा. तिथे तो घसरला तर उभं टोक थोडं आणखी बाहेर काढा आणि पुन्हा फिरवून बघा. आणि कड्यावर नेलंत तर काठाच्या वरच ठेवा, खाली जाऊ देऊ नका.